कसाबला सरकारी खर्चाने वकील का दिला? लेकीशी वाद झालाय

हुपरीचा_चांदीवाला

नमस्कार मंडळी. मनापासून विचारतोय, भांडण उकरायचं नाही.

माझा पैंजणांचा धंदा. २००८ साली महिन्यातून दोनदा माल घेऊन झवेरी बाजारात जायचो आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परत यायचो. २६ नोव्हेंबरलाही तसाच गेलो होतो. सीएसटीवरून गाडी साडेआठच्या आत सुटली आणि तास-दीड तासात त्याच स्टेशनात गोळीबार सुरू झाला. मला कळलं ते पुण्यात, मध्यरात्र उलटून गेल्यावर. फलाटावरचा चहावाला प्रत्येक खिडकीशी थांबून सांगत होता.

गाडी लागायच्या आधी मी लांबच्या गाड्यांच्या हॉलमध्ये बसून डबा खाल्ला. शेजारी एक बाई होती, दोन पोरं आणि एक हिरवी पत्र्याची ट्रंक. त्यांची गाडी रात्री उशिराची होती. "भैया, जरा पेटी देखना," म्हणून ती धाकट्या पोरीला पाणी पाजायला घेऊन गेली. परत आल्यावर तिनं मला दोन संत्री दिली. पुढं त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. ती संत्री पुण्यापर्यंत माझ्या पिशवीतच होती.

आता मूळ मुद्दा. लेक लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून तिचं निम्मं लक्ष सीपीआर दवाखान्यासमोरच्या त्या इमारतीत. परवा जेवताना २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वुर राणा, त्याचा विषय निघाला. त्याला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून आणलं आणि दिल्लीच्या कोर्टात विधी सेवेतून वकील दिला. मी म्हटलं, असल्यांना वकील कशाला? ती शांतपणे म्हणाली, "बाबा, माझ्यावर नेमणूक आली तर मी घेईन." मी ताटावरून उठलो. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. परक्या देशाच्या माणसाला आपली घटना कशी काय लागू होते? आणि ज्याला सगळ्या जगानं बंदूक घेऊन फिरताना फोटोत पाहिलं, त्याचा वकील कोर्टात सांगणार तरी काय?

---

गडहिंग्लजचा_फौजी

दादा, तुमचा राग खरा हाय. मी सोळा वर्सं फौजेत काढली, त्यातली बरीच वर सीमेवर. हत्यार घेऊन आत आलेल्याला आम्ही वकील दिला नाही. पण त्यानं हत्यार टाकलं, हात वर केलं, की मग त्याला हात लावायचा नाही. जखमी असंल तर पट्टी आधी, चौकशी नंतर. हे आम्हाला पहिल्यापासून शिकवलेलं, आणि मी ते पाळलंय.

माझं मत एवढंच की असला खटला लष्करी कोर्टात चालवावा. बंद खोलीत, दोन महिन्यांत निकाल. चार वर्सं कशाला पोसायचं?

---

कळंबा_गेटवरची_वकील

हुपरीकर दादा, मी लीगल एडच्या, म्हणजे मोफत विधी सेवेच्या पॅनेलवर १९ वर्षं काम केलंय. लेकीची बाजू घेते, पण आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते.

घटनेचं कलम १९ उघडून बघा, तिथे "नागरिक" शब्द आहे. भाषणस्वातंत्र्य, देशात कुठेही राहण्याचा हक्क वगैरे त्यात येतं, ते परक्याला नाही. कलम १४ (समानता) आणि २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) मध्ये मात्र "व्यक्ती" असं लिहिलंय. हा फरक मुद्दाम केलेला आहे. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा, हे सांगणारं कलम २२ बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये, घटना पूर्ण होत आली असताना घालून घेतलं. कलम २१ मधले शब्द फार सैल राहिलेत, ही सल त्यांना होती. कलम २२ मध्ये शत्रुदेशाच्या माणसाचा अपवाद आहे, तोही सांगते. पण एकदा खटला चालवायचा म्हटलं की २१ आहेच.

दुसऱ्या प्रश्नासाठी दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे, दोन्हींतले आरोपी पाकिस्तानी, आणि दोन्हींत फक्त दोन दिवसांचं अंतर.

कसाबची फाशी २९ ऑगस्ट २०१२ ला कायम झाली. त्याला सुरुवातीला भारतीय वकील नको होता, पाकिस्तानी हवा होता. न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या वकीलबाईंच्या घरावर दगडफेक झाली. एका साक्षीदाराचं वकीलपत्रही त्यांच्याकडे असल्याचं निघालं, म्हणून त्यांना बाजूला केलं. मग दुसरे आले, तिसरे आले. आपण अल्पवयीन आहोत असं त्याने सांगितलं तर हाडांची आणि दातांची तपासणी करून तेही खोडून काढलं. सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूने राजू रामचंद्रन यांनी, पकडल्यापासून वकील मिळाला नाही, हा मुद्दा नेटाने मांडला. न्यायालयाने तो सविस्तर तपासला, खटल्याला त्याने बाधा येत नाही असं ठरवलं आणि देशातल्या सगळ्या मॅजिस्ट्रेटना बजावलं की आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क सांगणं हे तुमचं कर्तव्य आहे. ती फाशी टिकली कारण बोट शिरेल एवढी फटही कुठे ठेवली नव्हती.

दोन दिवसांनी, ३१ ऑगस्टला, मोहम्मद हुसेनचा निकाल आला. ३० डिसेंबर १९९७ ला दिल्लीत एका बसमध्ये स्फोट झाला, चार माणसं गेली. सत्र न्यायालयाने हुसेनला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयात फाईल उघडली तर दिसलं की ६५ पैकी ५६ साक्षीदार तपासले गेले तेव्हा या माणसाला वकीलच नव्हता. एकाचीही उलटतपासणी नाही. शिक्षा रद्द झाली, फेरखटल्याचा आदेश निघाला आणि २०१३ च्या जानेवारीत तो निर्दोष ठरला. जवळपास पंधरा वर्षं आत काढून. दादा, त्या चौघांच्या घरच्यांच्या जागी बसून बघा. त्यांना इतकी वर्षं सांगितलं, गुन्हेगार सापडला.

"फोटोत दिसतोय" म्हणता, ते कसाबपुरतं खरं. पण त्याच खटल्यात आणखी दोघे होते, भारतीय. मुंबईचा नकाशा त्यांनी काढून दिला आणि तो कसाबचा मेलेला साथीदार अबू इस्माईल याच्या खिशात सापडला, असं सरकार पक्षाचं म्हणणं. न्यायाधीश ताहिलियानींनी नकाशा हातात घेऊन पाहिला. इस्माईलची पँट रक्ताने भिजलेली आणि नकाशावर रक्ताचा एक डाग नाही. दोघेही सुटले, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत सुटलेलेच राहिले. कसाबला फाशी देणाऱ्याच न्यायाधीशांनी त्यांना सोडलं.

माझी एक केस सांगते, दहशतवादाची नाही. नेपाळचा एक वॉचमन, घरफोडीचा आरोप. कळंबा जेलमध्ये जाळीपलीकडून तो मला फक्त "दिदी, कागज क्या बोलता है?" एवढंच विचारायचा. दोषारोपपत्र सगळं मराठीत होतं. मुद्देमालाच्या पंचनाम्यात त्याच्या तोंडी वाक्य होतं, "सदरचा मुद्देमाल मी समक्ष दाखवितो व काढून देतो." पंच एक पानपट्टीवाला. मी त्याला विचारलं, आरोपी कुठल्या भाषेत बोलला? म्हणाला, तोडक्यामोडक्या हिंदीत. मग हे "सदरचा मुद्देमाल" कोण बोललं? पंचाने फौजदारांकडे बघितलं. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. तो क्षण मी विसरलेले नाही.

वॉचमन सुटला. जिचं घर फोडलं ती बाई मला अजून लक्ष्मीपुरीत भाजी घेताना दिसते आणि तोंड फिरवते. तिचे दागिने कधीच मिळाले नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं. पण पहिल्याच दिवशी दुभाषी बोलावला असता, तर खऱ्या चोराचा माग तरी काढला असता ना?

फौजी दादा, बंद खोलीतलं लष्करी कोर्ट म्हणालात. आपल्या कुलभूषण जाधवांना पाकिस्तानात तेच मिळालं. मार्च २०१६ मध्ये अटक, एप्रिल २०१७ मध्ये फाशीची शिक्षा, आपल्या वकिलातीच्या माणसाला एकदाही भेटू न देता. आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलो. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ अशा मतांनी निकाल आला की व्हिएन्ना कराराचा भंग झालाय, शिक्षेचा फेरविचार करा. तिथे आपण जे हक्काने मागितलं, ते इथे आलेल्याला नाकारून कसं चालेल?

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली

मॅडमनी सांगितलंच आहे, मी ग्वांटानामोचं थोडं जोडतो. अमेरिकेनं जानेवारी २००२ मध्ये क्युबातल्या आपल्या नाविक तळावर तो तुरुंग उघडला तोच अशा हिशोबानं की आपली कोर्टं तिथं पोचणार नाहीत. सुमारे ७८० माणसं तिथं ठेवली, बहुतेकांवर आरोपसुद्धा न ठेवता. लखदर बूमेदियन याला बोस्नियाच्या कोर्टानं सोडल्यावर उचलून तिथं नेलं. २००८ साली अमेरिकेच्याच सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं सांगितलं की या परदेशी कैद्यांनाही कोर्टात दाद मागता येते, आणि मग पुरावा तपासल्यावर त्याला सोडावं लागलं. सात वर्षं गेली त्याची.

आणि ९/११ चा मुख्य आरोपी खालिद शेख मोहम्मद? मार्च २००३ मध्ये पकडला. त्या एका महिन्यात १८३ वेळा त्याच्या नाकातोंडात पाणी ओतून छळ केला. आज वीस वर्षं उलटून गेली तरी त्याचा खटला पुरा होत नाही, कारण छळानंतरचा कुठला जबाब चालवायचा यावरच कोर्टात झगडा. न्यूयॉर्कची माणसं अजून निकालाची वाट बघतायत. आपल्याकडं २००८ ला पकडला, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी.

---

गडहिंग्लजचा_फौजी

जाधवांचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमचा एखादा पोरगा पलीकडं सापडला तर त्याच्यासाठी मी हेच मागीन. बरोबर हाय, ताई.

---

हुपरीचा_चांदीवाला

सगळ्यांचं दोनदा वाचलं. नकाशाचं मला माहीतच नव्हतं, आणि त्या ५६ साक्षीदारांचंही. लेकीला बोलावून दाखवलं. तिनं काही न बोलता पाठीवर हात ठेवला.

राग गेलेला नाही ताई, खोटं कशाला सांगू. एक विचारू? निकालपत्रात गेलेल्यांची, जखमींची नावं असतात का? त्या बाईचं आडनाव मला माहीत नाही. धाकट्या पोरीला ती "गुड्डी" म्हणत होती.

---

कळंबा_गेटवरची_वकील

सत्र न्यायालयाचं निकालपत्र १५२२ पानांचं आहे दादा. एकटे वाचत बसू नका. शनिवारी दुपारी लेकीला घेऊन या, मेसेजमध्ये पत्ता पाठवते. तिघं मिळून पहिल्या पानापासून शोधू.