पोरगी देवीला सोडायची म्हणतात, तेव्हा पहिल्यांदा कळतं कुणाला?

शहापूरकर : मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला, यल्लम्माच्या जत्रेला जाऊन आलो. डोंगरावर फलक, पोलीस, सगळा बंदोबस्त. देवदासी सोडणे, म्हणजे पोरगी लग्न न करता देवीच्या नावानं वाहणे, गुन्हा आहे म्हणून. चांगलंच आहे. पण बंदी काय आजची आहे? आपण मुंबई इलाख्यात होतो तेव्हा 1934 चा कायदा होता, मग कर्नाटकाचा 1982 चा आला. तरी सरकारच्याच 1993-94 आणि 2007-08 च्या दोन पाहण्यांत मिळून राज्यात 46,660 देवदासींची नोंद झाली.

माझं म्हणणं एवढंच, की डोंगरावरचा पहारा उशिराचा. आता देवीला सोडल्याची मण्यांची माळ पौर्णिमेला चारचौघांत बांधत नाहीत. घरात, रात्री, दार लावून बांधतात. त्याच्या आधी महिनाभर तरी कुजबुज असते : पोरीच्या केसात जट आली, म्हणजे देवीनं मागितली, आता काय करायचं? ही कुजबुज पहिल्यांदा पोचते जोगतिणीकडं, म्हणजे आधीच देवीला सोडलेल्या, जोगवा मागणाऱ्या बाईकडं, कारण विचारायला तिच्याचकडं जातात. मग गावच्या बालसंरक्षण समितीत तिलाच का घेऊ नये? मानधन देऊन.

मास्तर_खानापूर : म्हणजे जिनं आयुष्यभर माळा बांधल्या, तिलाच राखणीला बसवायचं? वर पगार देऊन? माझ्या वर्गातली एक मुलगी सातवीत अचानक यायची बंद झाली. गळ्यात लाल-पांढरे मणी. गल्लीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं, जोगतिणीला तर होतंच. एकीनंही तोंड उघडलं नाही.

उदो_आई : तुम्हा लोकांना यल्लम्मा म्हटलं की हेच आठवतं. आमच्या घरात पाच पिढ्या परडी भरतात, जोगवा मागतात, एकही मुलगी सोडलेली नाही. देवी पोरगी मागत नाही. माणसं मागतात आणि नाव तिचं घेतात.

तर्कट : पाच पिढ्या तुमच्या घरातली एकही सुटली नाही, यातच उत्तर आहे की. देवी एकच, डोंगर एकच, मग पोरी बहुतेक दलित गल्लीतल्याच कशा सुटतात? पाटलाच्या पोरीच्या केसात कधी जट होत नाही काय?

उदो_आई : हे मात्र खरं आहे. यावर मला बोलता येत नाही.

जोगतिणीची_नात : मास्तर, तुमचा राग कळतो. पण त्या बायका गप्प का बसल्या ते ऐका. आईबापानं सोडली तर 1982 च्या कायद्यात दोन ते पाच वर्षं कैद सांगितली. तक्रार केली की पोरीची आई आत. मग धाकट्या भावंडांना कोण बघणार? म्हणून सगळी गल्ली दाबून टाकते.

आणि दरवेळी कारण जटच असतं असंही नाही. मुलगा नसतो. पोरगी लग्न होऊन गेली तर म्हातारपणी भाकरी कोण घालणार? देवीला सोडलेली पोरगी घरातच राहते, मिळवून आणते, मुलाची जागा घेते. हा हिशेब फलक वाचून बदलत नाही. पेन्शन, घरकुल, पोरीचं वसतिगृह, असलं काही हातात दिसलं तर बदलतो.

माझी आजी चिकोडीकडची, लहानपणीच सोडलेली. शेजारच्या पोरीला जट झाली तेव्हा तिची आई आजीकडं आली. आजीनं परडी पुढ्यात घेतली, भंडारा लावला, म्हणाली, "आई सांगतीया, काप." आणि स्वतः कात्री चालवली. खाली मळ आणि गुंता, दुसरं काय असणार. ती पोरगी आता नर्स आहे.

तर्कट : छान गोष्ट. पण अंधश्रद्धेनंच अंधश्रद्धा कापायची? उद्या दुसरी जोगतीण म्हणेल, आई सांगतीया, बांध.

जोगतिणीची_नात : म्हणेल की. म्हणून एकटी नको, संघटना पाहिजे. घटप्रभेची मास संस्था बघा, 1997 पासूनची, पूर्वीच्या देवदासींनीच चालवलेली. तिथल्या सीतव्वा जोडट्टी स्वतः सातव्या वर्षी सोडलेल्या. 2018 ला पद्मश्री मिळाली. त्यांचं गल्लीत ऐकलं जातं ते पुस्तकातल्या तर्कामुळं नाही.

शहापूरकर : विषयांतर होतंय, पण बोहरा समाजातल्या मुलींच्या खतन्याचं, म्हणजे सुंतेचं बघा. त्यावर आपल्याकडं वेगळा कायदाच नाही. सुप्रीम कोर्टातली 2017 ची याचिका 2018 ला मोठ्या पीठाकडं गेली. तिथंही पहिल्यांदा बोलल्या त्या स्वतः भोगलेल्या बायकाच. आपल्याकडं कायदा आहे, पण भोगलेलीला खुर्ची नाही.

मास्तर_खानापूर : ठीक. घ्या समितीत. पण सोबत अंगणवाडीताई आणि शाळेचा एक माणूस हवाच. आणि सलग पंधरा दिवस मुलगी गैरहजर दिसली तर घरी जायचं, कुजबुजीची वाट बघायची नाही. माझ्या हातून ते झालं नव्हतं.

जोगतिणीची_नात : आत्ता आजीला विचारलं, बसशील काय समितीत. म्हणाली, "बसते की. पण सही येत न्हाई मला. अंगठा कन्नडात लावू का मराठीत?"