विषय: वायोमिंगचा काऊ एल्क टॅग, बाहेरच्या राज्यातून कुठला भरावा?

मॅडिसनहून

मंडळी नमस्कार,
लिस्टवर हा विषय जरा वेगळा वाटेल, पण गेल्या पिकनिकला कळलं की आपल्यातले दोन-तीन जण शिकारीला जातात, म्हणून इथेच विचारतो. मी चार वर्षं विस्कॉन्सिनमध्ये हरणाला जातोय, व्हाइटटेल, दोनदा मिळालं. यंदा एल्क करायचाय, म्हणजे हरणाच्याच कुळातलं पण खूप मोठं जनावर. शिंगं भिंतीवर लावायची हौस नाही, फ्रीझर भरायचाय, घरी सगळे ते मांस आवडीने खातात. म्हणून मादीचा टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना. वायोमिंगचा नॉनरेसिडेंट काऊ/काफ (मादी किंवा वासरू) टॅग २८८ डॉलरला आहे, बुलचा म्हणजे नराचा साधा टॅग ६९२, म्हणजे निम्म्याहून कमी. आणि या स्वस्त टॅगला प्रेफरन्स पॉइंटही (सोडतीत पुढे जायला वर्षानुवर्षं साठवायचे गुण) लागत नाहीत, माझ्याकडे ते नाहीतच. एक युनिट (शिकारीचा ठरवून दिलेला भाग) सापडलंय, पूर्वेकडचं, टाइप ६ म्हणजे मादी-वासराचाच टॅग, गेल्या वर्षी ज्याने ज्याने अर्ज केला त्या सगळ्यांना मिळाला. जूनच्या सुरुवातीला अर्ज बंद होतात, तेच भरून टाकू का? कुणी गेलंय का तिकडे?

---

डेन्व्हरहून

बाळा, थांब जरा, भरू नकोस अजून.

सगळ्यांना मिळतो म्हणजे तो टॅग फारसा कुणाला नकोय, आणि का नकोय ते बहुतेक वेळा नियमपुस्तिकेतच लिहिलेलं असतं, लिमिटेशन्सच्या रकान्यात. तुझ्या युनिटसमोर बघ, प्रायव्हेट लँडवरच चालेल असं लिहिलंय का. पूर्व वायोमिंगमध्ये एल्क ठरवलेल्या आकड्यापेक्षा जास्त झालेत आणि बरेचसे रँचवर बसलेले असतात, सरकारला ते कमी करायचेत म्हणून टॅग भरपूर काढतात, पण जमीन सरकारची नाही. टॅग म्हणजे आत शिरायची परवानगी नव्हे.

मी पहिल्या वर्षी हेच केलं. टॅग मिळाला म्हणून आनंदात गेलो, आणि चार दिवस कुंपणाच्या अलीकडे गाडीत बसून पलीकडच्या लसूणघासात चरणारा शे-दीडशेचा कळप दुर्बिणीतून बघितला. बारा रँचना फोन केले, तिघांनी उचलला, दोघांनी नाही म्हटलं आणि तिसऱ्याने आत यायचे जे पैसे सांगितले त्यात असे तीन-चार टॅग आले असते. त्याची चूक नाही, जमीन त्याची, गवत त्याचं. चूक माझी, मी मार्चमध्ये नुसता ड्रॉचा म्हणजे सोडतीचा तक्ता बघितला आणि नकाशा उघडलाच नाही.

म्हणून माझं ऐक, आधी जमीन, मग तारखा, मग पैसे. ऑनएक्स हे नकाशाचं ॲप घे फोनवर, युनिट उघड आणि बीएलएम (केंद्र सरकारची मोकळी जमीन), फॉरेस्ट आणि स्टेट सेक्शन किती आहेत आणि मुख्य म्हणजे तिथे रस्ता जातो का ते बघ. सरकारी जमीन प्रायव्हेटच्या मधे अडकलेली असेल तर ती नकाशावरच सरकारी. दक्षिण वायोमिंगमध्ये रेल्वेच्या दोन्ही अंगांना बुद्धिबळाच्या पटासारखी जमीन आहे, एक चौकोन खाजगी, एक सरकारी. कोपऱ्यावरून एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात पाऊल टाकलं तर ते अतिक्रमण ठरतं का यावर मिझुरीच्या चार शिकाऱ्यांची केस मोठी गाजली, मार्च २०२५ मध्ये १०व्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, खाजगी जमिनीला पाय न लावता कोपरा ओलांडता येतो. तरीसुद्धा कोपरा नेमका कुठे आहे ते दाखवणारी मोजणीची पिन दिसल्याशिवाय मी ओलांडत नाही.

दुसरं म्हणजे गेम अँड फिशचा, म्हणजे वायोमिंगच्या वन्यजीव खात्याचा, ॲक्सेस येस कार्यक्रम. रँचवाल्यांना पैसे देऊन सरकार आपल्यासारख्यांसाठी जमीन उघडते. वॉक-इन एरियात तारखा आणि नियम बघून सरळ चालत जायचं, हंटर मॅनेजमेंट एरियात आधी परमिशन स्लिप काढावी लागते. ज्या युनिटमध्ये असा मोठा तुकडा आहे आणि टॅग पब्लिकवरही चालतो ते युनिट ५०-६० टक्केच मिळत असलं तरी मी तेच भरेन.

आणि तिथल्या रीजनल ऑफिसला फोन कर. बायोलॉजिस्ट किंवा वॉर्डन बोलतात, मनापासून बोलतात. एकच प्रश्न विचार, ऑक्टोबरच्या मध्यावर माद्या पब्लिकवर असतात की खाली गवतात गेलेल्या असतात? त्या एका उत्तराने माझी पुढची सहा वर्षं सुधारली.

अजून एक, जॅक्सन-कोडीकडचे डोंगर बघून भुलू नकोस. फेडरल विल्डरनेसमध्ये (रस्ते नसलेल्या राखीव रानात) बाहेरच्या राज्यातल्याला गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत असल्याशिवाय मोठी शिकार करताच येत नाही, वायोमिंगचा कायदाच तसा आहे, आणि त्या भागात ग्रिझली अस्वलं असतात.

---

मॅडिसनहून

काका, रकाना बघितला. प्रायव्हेट लँडच लिहिलंय. तीन आठवडे त्या पानावर होतो आणि ती ओळ वाचलीच नव्हती, थँक यू.

एक वेगळं विचारतो, मी अजून एच-१बी वर आहे, रायफल माझीच आहे, ३०८. वायोमिंगला नेताना काही अडचण?

---

न्यू जर्सीहून

यावर मी लिहिते, आमच्या घरी हा प्रश्न येऊन गेलाय. फेडरल कायद्याने एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे, पण कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते. शब्द लक्षात घे, चालू. विस्कॉन्सिनचं लायसन्स मार्चअखेर संपतं, मग एप्रिल-मेमध्ये नुसतं रेंजवर जायचं असेल तरी आधी नवीन काढ, छोट्या शिकारीचं काढलंस तरी ते हंटिंग लायसन्सच. लायसन्सची प्रत रायफलच्या बॅगेतच ठेव. ग्रीन कार्डवाल्यांना हे लागू नाही. आणि तुझ्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकच, याच्यात चूक झाली तर दंडावर भागत नाही, स्टेटस जातं.

आता माझा प्रश्न, काकांना. आमच्याकडे मांस न खाणारी मी एकटीच, पण खाणाऱ्यांशी माझं भांडण नाही. मादीच का मारायची? पोटात पिल्लू असेल, बरोबर वासरू असेल, हे मला खरंच गिळवत नाही.

---

डेन्व्हरहून

ताई, बरं झालं विचारलंत, हा प्रश्न मलाही पडला होता आणि युनिट निवडताना त्याचा उपयोग होतो, म्हणून नीट लिहितो.

कळपाचा आकडा माद्यांवर चालतो. चार नर मारले तरी पुढच्या जूनमध्ये पिल्लं तेवढीच होतात. गवत मर्यादित, हिवाळ्यात उतरायची जागा त्याहून मर्यादित, म्हणून बायोलॉजिस्ट दरवर्षी मोजणी करून माद्यांचे टॅग वाढवतात किंवा कापतात. कळप कमी झाला की हे टॅग आधी कापले जातात.

पिल्लाचं म्हणाल तर मिलन सप्टेंबरात, पिल्लं होतात मेअखेर-जूनमध्ये. म्हणजे ऑक्टोबरात बरोबरचं वासरू चार महिन्यांचं असतं, गवत खातं, कळपाबरोबर चालतं. पोटातला गर्भ तेव्हा अगदी लहान. पण काही काऊ टॅग डिसेंबरात, जानेवारीअखेरपर्यंत चालतात. तेव्हा एल्क खाली उतरलेले असतात, सापडायला सोपे, आणि मादी सोलताना पोटातलं पिल्लू स्पष्ट दिसतं. मी एकदा जानेवारीत गेलो होतो. ते बघितलं आणि त्या रात्री जेवलो नाही. नियमाने काहीच चूक नव्हतं, तरी त्यानंतर मी नोव्हेंबरच्या पुढचा टॅग भरलेला नाही. ज्याचं त्याने ठरवावं, पण अर्ज भरताना ठरवावं, बर्फात उभं राहून नाही.

बाळा, तुझ्यासाठीही तेच. जानेवारीत वारा आणि बर्फाने आय-८० हायवे बंद पडतो आणि तुला दोन दिवस गाडी चालवत यायचंय. ऑक्टोबर घे. मात्र ऑक्टोबरात दुपारी ऊन असतं, मांस नासतं. मादी म्हणजे सव्वादोनशे किलोचं जनावर, हाडं काढून साठ-सत्तर किलो मांस निघतं, एकट्याला तीन-चार फेऱ्या, आणि त्याही आठ हजार फुटांवर जिथे तुझा श्वास आधीच लागलेला असेल. म्हणून गाडीपासून दीड-दोन मैलांच्या पुढे असेल तर गोळी झाडू नकोस, कितीही जवळ उभी असली तरी. दोघं जा. दोन मोठे कूलर, सुती गेम बॅगा, आणि आतडी न उघडता मांस काढायची पद्धत घरीच हरणावर शिकून ये.

सीडब्ल्यूडीची (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) टेस्ट कर, मानेतल्या गाठी ते घेतात, रिपोर्ट येईपर्यंत खाऊ नकोस. मेंदू आणि कणा बऱ्याच राज्यांत आणता येत नाही, तिथेच हाडं काढून मांस आण म्हणजे प्रश्नच नाही. रश्श्यासाठी मांडीखालचं चिवट मांस राखून ठेव, प्रोसेसरला दिलंस तर तो सगळं दळून टाकतो. चरबी नसते म्हणून खिमा करताना तेल जरा जास्त लागतं, आणि मंद आचेवर तीन तास ठेवलंस तर कोल्हापूरचा माणूससुद्धा दुसऱ्यांदा वाढून घेईल.

---

न्यू जर्सीहून

काका, पटलं असं नाही म्हणणार, पण समजलं. ऑक्टोबरचं ऐकून बरं वाटलं.

---

मॅडिसनहून

काका, ताई, काल दोन तास नकाशा घेऊन बसलो. पूर्वेकडचं युनिट काढून टाकलं. आता दक्षिणेकडचं एक बघितलंय, एक ते एकतीस ऑक्टोबर, पब्लिकवर चालतं, अर्धं बीएलएम आणि शेजारी हंटर मॅनेजमेंट एरिया, गेल्या वर्षी दहातल्या साधारण सहा जणांना मिळालं. नाही मिळालं तर जुलैत उरलेल्या टॅगमध्ये बघेन, पण त्यातही आधी रकाना वाचेन. लायसन्स आज नवीन काढलं, वकिलांना मेल गेली. रीजनल ऑफिसला सोमवारी फोन करतोय. त्याआधी रविवारी सकाळी तुमच्या नऊ वाजता तुम्हाला केला तर चालेल का? नकाशा दोघांनी मिळून एकदा बघू, त्या एरियात उत्तरेकडून जो रस्ता दिसतोय तो मला खाजगी वाटतोय.