अनुभव धागा: परड्यातलं झाड, त्याचा शेजारी आणि घरातली बरणी

मंडळी, वळीव पडून गेला की आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत दोन वास एकदम येतात. एक ओल्या मातीचा, दुसरा कुणाच्या तरी फोडणीत तांबूस होणाऱ्या मेथ्यांचा. काल तसा वास आला आणि हा धागा सुचला. झाड कुठलं, त्याच्या बुडाशी किंवा बाजूला काय लावलंय आणि त्याचं घरात काय होतं, ते लिहा. मेलेली झाडंही सांगा. लगडलेल्या फांदीचे फोटो सगळेच टाकतात, वाळलेल्या खोडाचा कुणी टाकत नाही.

सुरुवात माझ्यापासून. घर बांधलं त्या वर्षी हापूसचं कलम आणलं. मीटरभर खोल खड्डा, शेणखत, सगळं यथासांग. दुसऱ्या पावसाळ्यात जोडाच्या खालून एक जोमदार फूट आली. झाड सुखावलं, असं समजून मी तिला काठीचा आधार दिला! वरचा हापूस खुरटत गेला आणि सातव्या वर्षी पहिलं फळ आलं ते अस्सल रायवळ, दातात धागे अडकणारं. खुंटाची, म्हणजे जोडाखालच्या मूळ झाडाची, फूट दिसली की अंगठ्यानं मोडायची, हे रोपवाटिकेतल्या मामांनी सांगितलं होतं. मी "हो हो" म्हणून विसरले.

आता मात्र हे झाड कुणी बदलून देतो म्हटलं तरी नको. या कैरीसारखा मेथांबा हापूसच्या कैरीचा होत नाही. तेलात मोहरी, मेथ्या (काळ्या झाल्या की संपलंच), हिंग, हळद, मग फोडी. जरा पाणी घालून झाकण. फोडी पुऱ्या मऊ झाल्यावरच गूळ, तिखट, मीठ. गूळ आधी घातला की फोडी वातड होतात, मग तासभर शिजवा, काही उपयोग नाही. आमची कैरी इतकी आंबट की वाटीभर फोडींना दीड वाटी गूळ लागतो.

झाडाखाली सावली दाट झाली तेव्हा गवतसुद्धा उगवेना. तिथं हळद आणि आलं लावलं, दोघंही मजेत आहेत. सासूबाईंचं माहेर सावंतवाडीकडचं, त्यामुळं श्रावणात हळदीच्या पानांतल्या पातोळ्या ठरलेल्या. हळदीचे गड्डे काढायचे दिवस माघातले, पण खरं सांगायचं तर आम्ही हळद पानांसाठीच लावतो.

काठावरचा

शुक्रवार पेठ, पंचगंगेच्या बाजूला. मेलेली झाडं सांगा म्हणालात, तर ऐका.

2019 च्या ऑगस्टात आमच्या परड्यात छातीभर पाणी होतं. आम्ही पाव्हण्यांकडं. आठवड्यानं परत आलो, तर चार पपया उभ्या होत्या. मला वाटलं, वाचल्या. बुंध्याला हात लावला आणि पिकल्या केळ्यासारखा पिचला. पपईच्या मुळात दोन दिवस पाणी थांबलं तरी खेळ खलास, इथं तर आठवडा.

लिंबानं फसवलं. पाणी उतरल्यावर महिनाभर हिरवंगार. दिवाळीत बुंध्यातनं डिंक गळायला लागला आणि संक्रांतीपर्यंत नुसती काडी. बायको म्हणाली, पपई बरी, निदान आशेला लावलं नाही.

वाचले ते नारळ आणि पेरू. पेरू सरदार जातीचा, म्हणजे लखनौ-49. नाव लखनौचं, पण जात निवडली पुण्याच्या गणेशखिंडीत, हे मला कृषी महाविद्यालयातल्या एका सरांनी सांगितलं तेव्हा उगाच अभिमान वाटला. गाळ बसला होता गुडघाभर. तो बुंध्यापासनं चारी बाजूंनी खरवडून काढला, मुळांना वारा लागावा म्हणून. बाकी काही केलं नाही. खरं तर करायची ताकदच नव्हती, घरातला गाळ काढण्यात दिवस जात होते. पुढच्या वर्षी पेरूनं अशी फूट काढली की बघत राहावं.

2021 च्या जुलैत पाणी परत आलं. तेव्हा शहाणपण आलं होतं. सखल कोपऱ्यात आता फक्त केळी आणि अळू. वाहून गेलं तरी केळीचा एक मुनवा (बुडातनं फुटणारं पिल्लू) राहिला की बाग उभी. केळफुलाची भाजी (हाताला आधी तेल, नाहीतर बोटं काळी) आणि अळूवड्या, दोन्ही त्याच कोपऱ्यातल्या.

पेरूचं एक सांगतो. पावसाळी पेरूत चव नसते आणि अळ्या असतात. म्हणून एप्रिल-मेत झाडाचं पाणी तोडतो, पानं गळू देतो. शेजारी हळहळतात. मृगाच्या पावसावर नवी फूट येते, तिच्यावर फुलं धरतात आणि फळ थंडीत मिळतं, गोड आणि बिनअळीचं. आमच्यात त्याची कोशिंबीर होते: बिया काढून बारीक फोडी, दही, साखर, मीठ, हिरवी मिरची, वरनं तुपाची जिऱ्याची फोडणी. तांबड्या रश्शाबरोबर खाऊन बघा, लोकांनी वेड्यात काढलं तरी.

गच्चीवरची

राजारामपुरी, तिसरा मजला. मी इथं लग्न होऊन आलो तेव्हा माहेरचं चिकूचं झाड आठवून रडलो होतो. (होय, बाई आहे. आमच्या कोल्हापुरात बायकाही आलो-गेलोच म्हणतात, पुण्याच्या मंडळींनी चष्मा पुसू नये.)

माझ्याकडं निळ्या पिंपातलं लिंबू आहे आणि शेजारच्या कुंडीत कढीपत्ता. ही जोडी मी ठरवून लावलेली नाही, जागाच तेवढी होती. मग लक्षात आलं, लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी जी अळी येते, तीच कढीपत्त्यावरही येते. दोन्ही झाडं एकाच कुळातली, फुलपाखराला दोन्ही चालतात. आधी मी चिमट्यानं अळ्या काढून टाकत होतो. लेकीनं रडारड केली. आता लिंबावरच्या अळ्या उचलून कढीपत्त्यावर सोडतो. कढीपत्ता जुना आहे, चार-सहा फांद्या बोडक्या झाल्या तरी पंधरा दिवसांत परत फुटतो. गेल्या वर्षी पाच फुलपाखरं उडालेली लेकीनं वहीत लिहून ठेवलीत.

लिंबं पस्तीस-चाळीस निघाली. उपवासाचं गोड लोणचं: फोडी मिठात मुरवायच्या, साल मऊ पडली की साखर आणि जिरेपूड, बरणी उन्हात. घाई केली त्या वर्षी कडू झालं, ते घरात फक्त मीच खाल्लं.

बांधकरी

शिरोळ तालुक्यातनं. आमच्याकडं काळी जमीन, आणि उसाला पाणी पाजून पाजून खालच्या अंगाचं रान खारवट झालंय. पांढरी खपली धरती. तिथं बोर आणि आवळा लावला, दोघं तग धरून आहेत.

आवळ्यानं मला सहा वर्षं खेळवलं. दरवर्षी फुलोरा असा की फांदी दिसू नये, आणि फळ एक नाही. आईनं दृष्ट काढली. भावानं खत घातलं. शेवटी कळलं की आवळ्याला स्वतःच्या फुलाचा पराग चालत नाही, जवळ दुसऱ्या जातीचं झाड लागतं. माझा चकैया होता, वीस फुटांवर एनए-7 आणून लावला. तो फुलायला लागला आणि त्याच वर्षी दोघांनी फळ धरलं. म्हणजे आवळ्याचा शेजारी कोण, तर आवळाच, पण दुसऱ्या घरचा.

आता तुळशीच्या लग्नाला ऊस, चिंच, बोर, आवळा सगळं घरचं. कार्तिकात झाडाखाली आवळीभोजन. मोरावळा आम्ही साखरेचा करत नाही, किसून गुळात शिजवतो. लोखंडी कढई वापरायची नाही, काळाठिक्कर पडतो.

आणि बांधावर भेंडी असतेच, पण भाजीपुरती नव्हं. तोडे संपले की झाडं गुऱ्हाळाला जातात. ठेचून पाण्यात भिजवली की बुळबुळीत पाणी सुटतं. ते काहिलीतल्या रसात घातलं की मळी वर येती आणि झाऱ्यानं काढता येती. कोल्हापुरी गुळाचा पिवळाधमक रंग तुम्ही बाजारात बघता, त्यातला निम्मा रंग रसायनाचा असतो. भेंडीवर निवळलेला गूळ जरा काळसर दिसतो. मेथांब्यात तोच घाला ताई.

जुना माळी

सगळ्यांचं वाचलं, छान आहे. फक्त एक सांगावंसं वाटतं. हल्ली जो उठतो तो प्रत्येक झाडाखाली झेंडू लावतो आणि म्हणतो कीड पळाली. झेंडूच्या मुळांचा उपयोग जमिनीतल्या सूत्रकृमींवर होतो, तोही दाट आणि दोन-तीन महिने लावून ठेवला तर. पेरूवरच्या फळमाशीला त्याचं काही देणं-घेणं नाही. ती माशी हटवायची तर पडलेलं फळ रोज उचला आणि खोल पुरा. सापळा लावला तरी त्यात नर येतात, माद्या नाही. खाली सडका पेरू तसाच ठेवून वर सापळा टांगणारे मी खूप पाहिले.

झेंडू लावा, दसऱ्याला कपिलतीर्थ मंडईतला भाव बघून कळेल का लावायचा ते.

गव्याच्या वाटेवर

राधानगरीच्या पुढं आमचं घर. कुणी बागेचा नकाशा, झाडांतलं अंतर वगैरे विचारलं तर हसू येतं. आमच्याकडं अंतर गवा ठरवतो. तीन वर्षं केळीची रोपं लावली, तिन्ही वर्षं त्यानं खाल्ली. आता कुंपणाला करवंद आहे. काट्यांनी गवा थांबत नाही, पण गुरं थांबतात आणि चैत्रात पोरं कामाला लागतात.

फणस आजोबांचा. त्याच्या खडबडीत सालीवर मिरीचा वेल चढवलाय, तो आपसूक धरतो. वेलाच्या बुडाशी फणसाचाच पाला टाकतो, ओल राहते. मिरी उन्हात वाळवली की वर्षाची होते, दोन मुलींकडंही जाते.

फणस बरका आहे, म्हणजे मऊ, बुळबुळीत गऱ्यांचा, कापा नाही. पाहुणे नाक मुरडतात, पण सांदणं होतात ती बरक्याचीच. गरे चाळणीवर घासून रस काढायचा, त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, चवीला मीठ. दोन तास ठेवायचं, मग वाफवायचं. आई रवा जात्यावर काढायची, मी गिरणीतनं आणतो आणि आईला ते ओळखू येतं. आठळ्या चुलीच्या राखेत.

धागालेखिका

बांधकरी, गुळाचं मान्य. मी आजवर पिवळाच आणत होते.

काठावरचे, तुमच्या त्या दोन पूर पाहिलेल्या पेरूचं रोप मिळेल का? बी नको, माझं खुंटाचं प्रकरण वाचलंच आहे तुम्ही.

काठावरचा

बी देतच नाही, बियाचा पेरू आईसारखा निघेल याची खात्री नसते. जूनच्या शेवटाला पाच फांद्यांना गुट्या बांधल्यात: साल गोल काढून ओलं शेवाळ, वर प्लास्टिक. खाली खुंटच नाही, त्यामुळं तुमच्या हातून बिघडायचं काही राहिलं नाही. दोन आधीच बोललेल्या आहेत, तीन शिल्लक. पांढरी मुळं दिसली की कापतो, श्रावण संपेपर्यंत. तेवढ्यात नदी परड्यात आली तर महिनाभर थांबा. येताना मेथांब्याची बरणी घेऊन या.

गच्चीवरच्या ताई, तुमच्यासाठी पण एक बाजूला ठेवतो. पिंपात चालतो.