इचेव्हेरियाचा दांडा लांबत चालला आहे आणि पाने सुरकुतली आहेत. पाणी कमी पडते की जास्त होते?

खिडकीकाठ
माझ्याकडे आठ महिन्यांपासून इचेव्हेरियाचे, म्हणजे गुलाबासारखा गुच्छ असलेल्या जाड पानांच्या शोभेच्या वनस्पतीचे, एक रोप आहे. आणले तेव्हा त्याची पाने एकमेकांना इतकी बिलगून होती की वरून पाहिल्यास माती दिसत नसे. आता दोन पानांच्या मधून बोटभर दांडा दिसतो, रंग फिकट झाला आहे आणि पानांची टोके खाली वळली आहेत. त्यातच गेल्या आठवड्यात खालची तीन पाने पिवळसर, काचेसारखी पारदर्शक होऊन हात लागताच गळून पडली, आणि वरची पाने मात्र सुरकुतलेली आहेत. सुरकुत्या म्हणजे तहान असे समजून मी पाणी वाढवले, परंतु काहीच फरक पडला नाही. कुंडी खिडकीपासून सुमारे पाच फुटांवर असते, दर दोन दिवसांनी फवाऱ्याने पाणी देते आणि निचऱ्यासाठी तळाशी खड्यांचा थर घातला आहे. माझे नेमके काय चुकत आहे?

मुळापासून
तुमच्या रोपाला दोन स्वतंत्र दुखणी आहेत, ती आधी वेगळी करू या. दांडा लांबणे, रंग फिकट होणे आणि पाने खाली वळणे ही उजेड कमी पडल्याची खूण आहे. पिवळी, पारदर्शक, लिबलिबीत पाने ही जास्त पाण्याची खूण आहे. सर्वांत खालचे पान कागदासारखे वाळून गळणे मात्र नैसर्गिक असते. त्याची काळजी करू नये.

सुरकुत्यांनी तुम्हाला फसवले आहे. सततच्या ओलीने मुळे कुजली की ती पाणी शोषू शकत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीत उभे असलेले रोपही तहानलेले दिसते आणि आपण आणखी पाणी घालतो. म्हणून पानांवरून अंदाज बांधण्याऐवजी रोप कुंडीतून काढून मुळे पाहावीत. निरोगी मूळ पांढुरके आणि टणक असते. कुजलेले मूळ काळपट असते आणि चिमटीत धरून ओढले की वरची साल हातात येऊन आत नुसता दोरा उरतो.

फवारा बंद करावा. त्याने मातीचा वरचा थर तेवढा ओला राहतो आणि पानांच्या बेचक्यांत पाणी साचते. माती तळापर्यंत कोरडी झाल्यावरच, भोकातून पाणी वाहीपर्यंत एकदा भरपूर पाणी द्यावे आणि थाळीत साठलेले लगेच ओतून टाकावे. दिवस मोजून पाणी देण्याची सवय या वनस्पतींना मानवत नाही. खड्यांचा थरही काढून टाका, कारण बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. ते थराच्या वरच अडकते आणि ओलीचा पट्टा मुळांच्या अधिक जवळ येतो. त्यापेक्षा मातीच्या मिश्रणातच निम्मे पर्लाइट किंवा प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाड वाळू मिसळलेली बरी.

शेंडाछाट
वरील निदान पटते. फक्त एक भर घालतो: लांबलेला दांडा उजेडात नेल्यावरही आखडत नाही, पुढची वाढ तेवढी दाट होते. त्यामुळे मी असे रोप सरळ छाटतो. स्वच्छ, धारदार सुरीने शेंड्याचा गुच्छ सुमारे 2 सेंमी दांड्यासह कापावा, काप कोरडा होईपर्यंत चार-पाच दिवस सावलीत ठेवावा आणि मग कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवावा. कापलेल्या दांड्याच्या मध्यभागी तपकिरी ठिपका किंवा वलय दिसले, तर कुज वर चढली आहे असे समजून स्वच्छ भाग लागेपर्यंत पुन्हा कापावे. खालचा खुंट निरोगी असेल तर तोही टाकू नये. त्याला बाजूने पिल्ले फुटतात. हे सर्व करताना गुच्छाला खालून धरा, कारण पानांवरची पांढरी मेणासारखी पूड बोटांनी पुसली गेली की त्या पानावर ती पूर्ववत होत नाही. माझ्या सर्वांत देखण्या रोपावर माझ्याच अंगठ्याचा ठसा वर्षभर मिरवत होता!

रात्रपाळी
उजेडाविषयी थोडे. या वंशाला मेक्सिकोतील वनस्पती-चित्रकार अतानासिओ एचेवेरिया यांचे नाव दिलेले आहे आणि त्यातील बहुतेक जाती मेक्सिकोतल्याच, खडकाळ उतारांवरच्या आहेत. खिडकीपासून पाच फूट आत आलेला उजेड त्यांना पुरत नाही. कुंडी थेट खिडकीत हवी, परंतु एकदम कडक उन्हात ठेवल्यास पाने भाजून कायमचे डाग पडतात, म्हणून आठ-दहा दिवसांत ऊन हळूहळू वाढवावे.

गुलाबासारखा गुच्छ दिसला म्हणून प्रत्येकाला हाच नियम लावू नये. हॉवर्थिया कमी उजेडात तग धरते. सेम्परव्हिव्हमचा गुच्छ एकदा फुलला की मरतो, मात्र तोवर भोवती पिल्ले झालेली असतात. एओनियम तर उन्हाळ्यात सुप्तावस्थेत जाऊन पाने झडू देते, आणि लोक घाबरून नेमके तेव्हाच पाणी वाढवतात.

खिडकीकाठ
सर्वांचे आभार. रोप काढून पाहिले. दोन मुळे सोडून बाकी सर्वांचा दोराच हातात आला. दांड्यात तपकिरी वलय होते, म्हणून दोनदा वर सरकून कापले तेव्हा फिकट हिरवा, स्वच्छ काप मिळाला. खुंट टाकून द्यावा लागला. गुच्छ रिकाम्या पेल्याच्या काठावर टेकवून ठेवला आहे. कापताना चार टणक पाने बुडापासून अखंड निघाली, तीही वाळायला ठेवली आहेत. त्यांना पाणी केव्हा द्यावे?

शेंडाछाट
मुळे दिसेपर्यंत मुळीच देऊ नका. दोन-तीन आठवड्यांत पानाच्या बुडाशी गुलाबी, केसांसारखी मुळे येतील, ती मातीने अलगद झाकून मग थोडे पाणी द्या. आधी कोंब आला आणि मुळे आली नाहीत, तरी थांबा; आईपान सुकेपर्यंत पिल्लाला तेच पोसते, म्हणून ते ओढून काढू नका.