कब्स, क्लीव्हलँड आणि ती दिवाळी: 2016 च्या वर्ल्ड सिरीजचे तुमचे अनुभव

नेपरव्हिलकरीण

शिकागोच्या आणि झालंच तर क्लीव्हलँडच्याही मंडळींना आग्रहाचं आमंत्रण. 2016 ची वर्ल्ड सिरीज तुम्ही कुठे, कुणाबरोबर आणि कुठल्या अवस्थेत पाहिलीत ते इथे लिहा. बेसबॉल कळत नव्हता ही सबब चालणार नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांना तेव्हा तो कळत नव्हताच.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम स्पर्धा, आणि शिकागो कब्स ती 1908 नंतर एकदाही जिंकले नव्हते. नुसतं वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचायचं म्हटलं तरी 1945 नंतर थेट 2016 उजाडलं. त्या 1945 च्या सिरीजमध्ये एक बारमालक आपला पाळलेला बोकड घेऊन मॅचला आला, त्याला बोकडासकट बाहेर काढलं आणि त्याने शाप दिला, अशी आख्यायिका. समोर क्लीव्हलँड इंडियन्स, म्हणजे हल्लीचे गार्डियन्स. त्यांचं शेवटचं विजेतेपद 1948 चं. सातांपैकी चार मॅच जिंकायच्या, आणि क्लीव्हलँड 3-1 ने पुढे. तिथून कब्सनी ओळीने तीन काढल्या. सातवी मॅच नऊ इनिंगनंतर बरोबरीत, म्हणून जादा दहाव्या इनिंगमध्ये 8-7.

आणि नेमकी त्याच आठवड्यात दिवाळी! तिसरी मॅच 28 ऑक्टोबरला, धनत्रयोदशी. चौथी नरक चतुर्दशीला, पाचवी लक्ष्मीपूजनाच्या रात्री, सहावी भाऊबीजेला. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फराळाच्या ऑर्डरी आणि पिचरांची (बेसबॉलच्या बोलरांची) नावं एकाच दमात येत होती.

चला, लिहा पटापट.

रेडलाइनवाला

मी तेव्हा शिकायला होतो, कब्सच्या मैदानापासून, रिगली फील्डपासून, चालत जाण्याच्या अंतरावर चार पोरांत एक फ्लॅट. तिकीट काढणं आमच्या बापजन्मात शक्य नव्हतं. मैदानाभोवतीच्या बारमध्ये नुसतं आत शिरायचे जे पैसे मागत होते, त्यात आमचा महिन्याचा किराणा आला असता. म्हणून तिसऱ्या मॅचला शेफील्ड अॅव्हेन्यूवर भिंतीबाहेर उभे राहिलो, एकाच्या फोनवर मॅच लावून.

मजा अशी की फोनवरचं चित्र मागे आणि मैदानातला आवाज पुढे. फोनवर पिचर अजून हात फिरवतोय आणि भिंतीपलीकडून 'ओऽऽह' आलेला असायचा. पुढचं अर्धं मिनिट फोनमध्ये डोकं घालून नेमकं काय बिनसलं ते शोधायचं. त्या दिवशी वारा मैदानातून बाहेर वाहत होता, त्यामुळे होमरनचा (म्हणजे आपल्या सिक्सरचा) पाऊस पडणार असं जो तो सांगत होता. पडला किती? शून्य. अख्ख्या मॅचमध्ये एक रन, तीही क्लीव्हलँडची. सातव्या इनिंगमध्ये बदली आलेल्या कोको क्रिस्पने काढून दिली. नवव्यात कब्सचे दोघे बेसवर, म्हणजे रन काढायच्या वाटेवर, असताना हावी बाएझ स्ट्राइकआउट होऊन बाद झाला, तेव्हा आम्हाला फोन बघायची गरज पडली नाही. एकाहत्तर वर्षांनी रिगलीवर वर्ल्ड सिरीजची मॅच, आणि ती अशी. घरी येऊन मॅगी खाल्ली.

शॉम्बर्गची सून

आमच्याकडे सासू-सासरे आले होते सांगलीहून. लक्ष्मीपूजनाला चार कुटुंबं बोलावलेली. मुहूर्त वेळेवर गाठायचं ठरलं होतं, पण एका कुटुंबाला ट्रॅफिक लागला, एकाचं बाळ झोपलं, आणि पूजा सरकत सरकत चौथ्या इनिंगवर आली. टीव्ही म्यूट करण्यावर तडजोड झाली. बंद करायला पुरुषमंडळींनी साफ नकार दिला. आरतीचं दुसरं कडवं चालू असताना बेसमेंटमधून पोरांची किंकाळी आली. कब्सच्या क्रिस ब्रायंटचा होमरन. सासूबाईंनी टाळ थांबवला नाही, पण माझ्याकडे असं पाहिलं की पोरांना ते संस्कार मीच केले.

खरी गंमत सासऱ्यांची. आयुष्यभर क्रिकेट, बेसबॉलचा गंध नाही. पुढ्यात चकल्यांची ताटली घेऊन बसले आणि दहा मिनिटांत प्रश्न सुरू. "याला ओव्हर संपायची अट नाही?" नाही बाबा. "मग कॅप्टनला वाटेल तेवढा वेळ हाच टाकणार?" हो, मॅनेजरला वाटेल तेवढा वेळ. कब्स 3-2 ने पुढे होते आणि सातव्या इनिंगमध्येच चॅपमन या पिचरला आणलं. एरवी हा फक्त शेवटची इनिंग टाकणारा माणूस. स्पीड मैलांत दाखवत होते, ह्यांनी किलोमीटर करून सांगितल्यावर सासरे सरसावून बसले. एकशेसाठ! त्या रात्री चॅपमनने आठ आउट काढले, 42 पिच (म्हणजे चेंडू) टाकले आणि मॅच वाचवली. सगळे नाचत होते. सासरे चकली मोडत म्हणाले, "आज वाचलात. पण हा घोडा पुढच्या मॅचला लंगडणार."

साउथसाइडर

तुमचं चालू द्या. फक्त नोंद करून ठेवतो की याच शहरात व्हाइट सॉक्स नावाची आणखी एक टीम आहे. 1917 नंतर थेट 2005 मध्ये जिंकली, म्हणजे 88 वर्षांचा उपास. ह्यूस्टनला सलग चार मॅचमध्ये झोपवलं. त्याच्यावर कुणी धागा काढला? आमच्याकडे बोकडाचा शाप नाही, 1919 चं पैसे खाऊन मॅच सोडल्याचं प्रकरण आहे, ते बहुतेक पोरांना सांगण्यासारखं नाही.

सातवी मॅच पाहिली का? पाहिली. मुकाट्याने, शेवटपर्यंत.

एरीकाठचा

शिकागोवाल्यांच्या या जत्रेत क्लीव्हलँडची बाजू मांडायला मी एकटाच दिसतोय. ठीक आहे, मग सविस्तर लिहितो.

आमच्या गावाला खेळात हरायची सवय होती. त्या वर्षी जूनमध्ये लेब्रॉन आणि कॅव्हेलियर्सनी 3-1 अशा पिछाडीवरून बास्केटबॉलचं विजेतेपद आणलं आणि आम्हाला वाटलं, साडेसाती संपली. 25 ऑक्टोबरला डाउनटाउनमध्ये शेजारी-शेजारी दोन कार्यक्रम: इकडे कॅव्हेलियर्सना विजेतेपदाच्या अंगठ्या, तिकडे वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच. आमच्या क्लूबर या पिचरने कब्सना शून्यावर ठेवलं, 6-0. ऑफिसातून निघून नुसतं फिरायला म्हणून मुलाला घेऊन गेलो होतो. तो तेव्हा चौथीत. गाडी लावायला जागा मिळाली नाही, म्हणून चारदा तेच चौक फिरलो, तरी पोरगा खूश.

लोक विसरतात की आमची टीम अर्धी जायबंदी होती. कारास्कोच्या हाताला फ्रॅक्चर, सालाझार कसाबसा परतलेला, ब्रँटली जवळजवळ सगळा सीझन बाहेर, आणि बावरने ड्रोन दुरुस्त करताना बोट कापून घेतलं होतं. (हो, ड्रोन. हे मी रचलेलं नाही.) त्यामुळे क्लूबरला पहिली, चौथी आणि सातवी अशा तीन मॅच टाकायला लागल्या, पुरेशी विश्रांती न घेता. चौथीत किपनिसने तीन रनांचा होमरन मारला. हा किपनिस शिकागोच्या उपनगरात वाढलेला, लहानपणी कब्सचाच फॅन! 3-1 झालं आणि मुलाने शाळेत पैजा लावल्या.

सातव्या मॅचला आमच्याकडे शेजारचे आणि ऑफिसातले मिळून हॉल भरला होता. टीव्हीवर आमच्याच मैदानात कब्सवाल्यांचे निळे शर्ट इतके दिसत होते की घरची मॅच आहे की बाहेरची कळेना. कब्स पुढे 5-1, मग 5-3, मग 6-3. आठव्या इनिंगमध्ये दोन आउट, बेसवर कुणी नाही. एक जण बूट घालायला लागला. मग रामिरेझ बेसवर पोचला, गायरने डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) मारला, 6-4. राजाय डेव्हिस आला. पळणारा माणूस, ताकदीने मारणारा नव्हे. बॅट दांड्यावर बरीच वर धरलेली, जसं आपण शाळेत मोठी बॅट हातात आली की धरायचो. समोर चॅपमन. चेंडू उंच गेलाच नाही. सपाट गेला, डाव्या बाजूची भिंत जेमतेम ओलांडली. 6-6. त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही, टीपॉयचा पाय मोडला एवढं नक्की. बूट घालणारा एका पायात बूट घालून अंगणात पळत होता.

मग पाऊस. सतरा मिनिटं. मुलाला झोपायला पाठवायची हीच वेळ, असं बायको म्हणाली. कुणी ऐकलं नाही. दहाव्या इनिंगमध्ये झोब्रिस्टचा डबल, मॉन्टेरोची सिंगल, 8-6. तरी आम्ही सोडलं नाही, दोन आउट झाल्यावर डेव्हिसनेच पुन्हा एक रन आणली. 8-7. आणि बॅटिंगला कोण? मायकेल मार्टिनेझ. नवव्या इनिंगमध्ये क्रिस्पला बाहेर काढून त्याला केवळ फील्डिंगसाठी आत घेतलं होतं. आमचा तेव्हाचा मॅनेजर फ्रँकोना मोठा माणूस आहे, मान्य. पण तो बदल मी आजही सकाळी दात घासताना उलटा करून पाहतो. हळू ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका), ब्रायंट घसरला, घसरता घसरता फेकला, आणि हसत होता हो तो. चेंडू हातातून सुटायच्या आधीच हसत होता.

मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत गेला नाही. पैजांचे पैसे मी भरले.

कोथरूडचा कोडर

आमचा क्लायंट शिकागोचा. सातवी मॅच आपल्याकडे 3 नोव्हेंबरच्या सकाळी साडेपाचच्या सुमाराला सुरू झाली. साडेसातला, म्हणजे त्यांच्या रात्री नऊला, रोजचा कॉल. पलीकडून एकच माणूस आला, तोही "आज नको" एवढं सांगायला. मागे आरडाओरडा. मला कुतूहल म्हणून मी चॅटमध्ये विचारत राहिलो आणि तो बिचारा दर पाच मिनिटांनी लिहीत राहिला. 6-6 झाल्यावर त्याचं लिहिणं बंद पडलं. आमच्या कँटीनमध्ये तोवर पाच-सहा जण जमले होते, पोहे हातात. मी त्यांना सांगत होतो, समजा शेवटच्या ओव्हरला मॅच टाय झाली आणि पाऊस आला. लगेच "डकवर्थ लुईस लागणार का?" सव्वादहाला पलीकडून फक्त एक अक्षर आलं, डब्ल्यू. रिगलीवर जिंकल्यावर तोच झेंडा लावतात हे मला नंतर कळलं.

ओक पार्क

आमच्या शेजारच्या आजी पोलिश वंशाच्या, तेव्हा ऐंशीच्या पुढे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. रिगलीच्या विटांच्या भिंतीवर लोक खडूने आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहितायत हे त्यांनी बातम्यांत पाहिलं आणि सातव्या मॅचच्या दिवशी दुपारी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं. मी गॅरेजमधून मुलीची फुटपाथवर चित्रं काढायच्या खडूंची बादली उचलली आणि निघालो.

वेव्हलँड अॅव्हेन्यूच्या बाजूला हात पोचेल तिथवर भिंत भरलेली. वडील, आजोबा, काका, जन्माचं साल, गेल्याचं साल. काही पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून वर लिहीत होती. आजींना खालीच जागा हवी होती, स्वतःच्या हाताने लिहायचं म्हणून. एका माणसाने स्वतःच्या वडिलांच्या नावाशेजारी थोडी जागा दाखवली. आजींनी नवऱ्याचं खरं नाव लिहिलं, पाहिलं, बोटाने पुसलं आणि घरात हाक मारायचं नाव लिहिलं. ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. खडू विटेवर नीट उमटत नाही, तीनदा गिरवायला लागतं. निघताना बादली तिथेच ठेवली, कारण आजूबाजूच्या दुकानांतले खडू संपले होते आणि चार जणांनी मागितलेच.

मॅच त्यांनी घरी एकट्यानेच पाहिली. या म्हटलं तर म्हणाल्या, माझी आरडाओरड तुम्हाला सोसायची नाही.

स्क्वेअरकट

वर्ल्ड सिरीज म्हणायचं आणि दोन देश खेळवायचे, त्यातही कॅनडाची एकच टीम. असो. एक खरा प्रश्न: जिंकले तरी कब्सवाले मॅनेजर मॅडनला शिव्या का घालतात?

तिसरा बेस

चॅपमनमुळे. वर सांगलीच्या काकांनी सांगितलंच आहे. पाचव्या मॅचमध्ये 42 पिच टाकून घेतले, ते समजू शकतो, हरले असते तर खेळ खल्लास होता. पण सहाव्यात पाच रनांची आघाडी असताना पुन्हा आणला! कब्सच्या रसेलचा ग्रँड स्लॅम (चार रनांचा होमरन) तिसऱ्याच इनिंगमध्ये झाला होता, मॅच 9-3 ने संपली. सातव्यात त्याच्या हातात काही उरलं नव्हतं, म्हणून डेव्हिसने मारला. शिवाय त्याच सातव्या मॅचमध्ये पिचर हेंड्रिक्स छान टाकत होता, त्याला पाचव्याच इनिंगमध्ये काढलं. माझ्या मते कब्स मॅनेजरमुळे नाही, मॅनेजर असूनही जिंकले. पावसाच्या त्या सतरा मिनिटांत सगळ्यांना व्यायामाच्या खोलीत जमवून बोलला तो कब्सचा हेवर्ड, जो सिरीजभर बॅटने फारसं काही करत नव्हता. आणि दहाव्यात ब्रायंटच्या उंच फटक्यावर अल्मोरा पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर पळाला, ती धाव माझ्या लेखी झोब्रिस्टच्या डबलइतकी मोठी. झोब्रिस्टला एमव्हीपी (सिरीजच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मिळालं, अल्मोराला कुणी विचारत नाही.

नेपरव्हिलकरीण

माझंही लिहून टाकते, कब्सच्या विजयाच्या परेडचं. शुक्रवार, 4 नोव्हेंबर. नदी निळी रंगवलेली. मेट्राच्या (उपनगरी रेल्वेच्या) गाडीत पाय ठेवायला जागा नाही, दोन गाड्या आमच्या स्टेशनवर थांबल्याच नाहीत, तिसरीत कशाबशा शिरलो. शहराने 50 लाख लोकांचा अंदाज दिला. तो खरा की फुगवलेला देव जाणे, पण मला खेळाडूंची बस दिसली ती एका उंच माणसाच्या काखेतून. मुलाला खांद्यावर घेऊन ह्यांची मान आठवडाभर धरली. डब्यात उरलेले शंकरपाळे नेले होते, ते शेजारच्या अनोळखी लोकांनी संपवले आणि रेसिपी विचारली.

शाळेत मुलाला बरं नाही असं कळवलं होतं. सोमवारी बाईंना कारण विचारायची हिंमत झाली नसावी, कारण परतीच्या गाडीत त्या आमच्याच डब्यात होत्या.