ट्वेल्व्ह स्ट्रिंग हीच मेन गिटार ठेवली तर चालेल का?

बेसूर_बंड्या
मंडळी, जरा सल्ला हवाय. सहा तारांची गिटार सात-आठ वर्षं वाजवतोय, गाण्याला साथ आणि थोडंफार फिंगरपिकिंग, फार काही दिवे लावलेले नाहीत. चार महिन्यांपूर्वी ट्वेल्व्ह स्ट्रिंग, म्हणजे सहा जोड्यांत बारा तारा असलेली गिटार, घेतली आणि तेव्हापासून जुनी गिटार कव्हरमधून बाहेरच आली नाहीये, साधा ओपन जी वाजवला तरी खोली भरून जाते, मग परत सहा तारांवर गेलं की आवाज एकदम उघडाबोडका वाटतो. म्हणून आता हीच एक ठेवावी असं डोक्यात घोळतंय. पण ज्याला विचारावं तो म्हणतो ही चवीपुरती ठीक, तिसऱ्या गाण्याला कान किटतात. त्यात एफचा बार (एकच बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड) धरून दोन गाणी झाली की मनगट भरून येतं, अर्धा वेळ ट्यूनिंगमध्ये जातो, आणि जीच्या जोडीतली ती बारीक तार आत्तापर्यंत तीनदा तुटली, एकदा तर थेट गालावर बसली. कुणी हीच मुख्य गिटार म्हणून वाजवतं का, की मीच हट्टाला पेटलोय?

जुनी_खुंटी
मी वाजवतो, बरीच वर्षं झाली. पहिला प्रश्न, तुम्ही ई स्टँडर्डलाच, म्हणजे गिटारच्या नेहमीच्या सुरांनाच, लावताय ना? तिथेच सगळं दुखणं आहे. सगळ्या जोड्या दोन सेमीटोन (दोन फ्रेटइतक्या) उतरवा, म्हणजे डी स्टँडर्ड. तारेचा ताण सुराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एवढ्यानेच तो साधारण पाचव्या भागाने कमी होतो, मनगटालाही आराम आणि ब्रिजलाही (तारा जिथे गिटारच्या पोटावर अडकवतात ती पट्टी). मूळ पट्टी हवी असेल तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावायचा, झालं काम. जुना अमेरिकन ब्लूज गायक लेड बेली तर याहूनही बराच खाली लावायचा आणि त्याची मुख्य गिटार हीच होती, तेव्हा ‘चवीपुरती’ म्हणणाऱ्यांना त्याचं रेकॉर्डिंग ऐकवा.

ती बारीक तार तुटणारच हो. जीचा वरचा ऑक्टेव्ह (तोच सूर, एक सप्तक वर) म्हणजे पहिल्या ईच्याही तीन सेमीटोन वर, सगळ्या गिटारमध्ये सगळ्यात उंच सूर तिचाच, जाडी मात्र जेमतेम ०.००८ नाहीतर ०.००९ इंच. दोन सेमीटोन उतरवलं की तिचाही जीव भांड्यात पडतो. तरीही त्याच जागी तुटत राहिली तर नटची (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची) खाच किंवा खुंटीची कड बघा, तिथे काहीतरी धारदार असणार.

ट्यूनिंगचं म्हणाल तर ट्यूनरवर बाराच्या बारा तारा लावू नका. आधी फक्त सहा जाड तारा ट्यूनरवर, मग प्रत्येकीची जोडीदारीण कानाने. दोन्ही एकत्र छेडल्या की सुरात एक वॉंव-वॉंव अशी लाट येते, ती संथ होत होत थांबली की जोडी जुळली. तंबोऱ्याची जोड लावलेली असेल तर हे वेगळं सांगायला नको. सुरुवातीला वेळ जातो, पण कान तयार झाला की तीन-चार मिनिटांत होतं.

मंद्रसप्तक
+१. पण कान का किटतात ते कुणीच बोललं नाही. लोक यावर सहा तारांचंच वाजवतात, तेच भरगच्च स्ट्रमिंग, तेच सहाच्या सहा तारांचे बार कॉर्ड, आणि मग म्हणतात गोंधळ होतो. खालच्या सुरांच्या चार जोड्या ऑक्टेव्हच्या, वरच्या सुरांच्या दोन एकाच सुराच्या, म्हणजे तुम्ही तीन तारा दाबल्या तरी सहा वाजतायत! निम्मं वाजवा. एफला बार कशाला, मधल्या चार जोड्यांवर एफ मेजर सेव्हन धरा, वरची ई मोकळी सोडा, बघा काय झंकार येतो.

अजून एक, बहुतेक गिटारवर जोडीतली बारीक तार वरच्या बाजूला असते, म्हणजे अंगठा खाली येताना आधी तीच लागते. हलक्या हाताने वाजवलं की नुसती बारीकच वाजते आणि बेस गायब, मग आपण चिडून जोर लावतो. जोर नको, अंगठा पुढे सरकवून खालच्या तारेवर टेकवायचा, दोन्ही आपोआप लागतात. अमेरिकन गिटारवादक लिओ कॉटकी ट्वेल्व्ह स्ट्रिंगवर तुफान वाजवायचा, पण १९८० च्या दशकात त्याच्या उजव्या हाताचे टेंडन इतके दुखावले की त्याला फिंगरपिक (बोटांत घालायच्या नख्या) सोडून हात नव्याने बसवावा लागला. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, आपण कोण!

ढणढण
मी विरोधी पक्षात 😄 मीही याच भरात सहा तारांची विकून बसलो होतो आणि पस्तावलो. बेंड (दाबलेली तार आडवी ओढून सूर चढवणं) हा प्रकार विसरा, बी किंवा ईची जोडी ओढली की एक तार जास्त सरकते, एक कमी, आणि ऐकणारे कानात बोटं घालतात. दुसऱ्या कुणाबरोबर वाजवताना तर समोरचा गिटारवाला कोपऱ्यात गेल्यासारखा वाटतो. एक जुगाड चालतो, वरच्या दोन जोड्यांतली एकेक तार काढून टाकायची, दहा तारा उरतात, खालचा भरणा तसाच आणि वरची मेलडी सुटसुटीत. पण म्हणून जुनी विकू नका. आणि हो, ब्रिजच्या मागे टॉपला (वरच्या फळीला) पोट सुटतंय का ते अधूनमधून तिरकं धरून बघा, माझ्या पहिल्या गिटारचा ब्रिजच उचकटला होता, मी मात्र दोन महिने हवेला दोष देत बसलो.

बेसूर_बंड्या
काल रात्री डीला उतरवली. तारा सैल पडून फटफट करतील असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही, उलट आवाज गोल झाला आणि माझा घसाही सुटला, कारण मला वरची पट्टी मुळात झेपतच नव्हती. मनगट पहिल्यांदाच गप्प आहे. अंगठ्याचं मात्र अजून जमत नाहीये, दर चौथ्या ठोक्याला बेस खातोच. @ढणढण, विकत नाही, कव्हरमध्ये राहू दे. दहा तारांचा प्रयोग रविवारी करतो, पण आधी सांगा, जोडीतली नेमकी कुठली काढायची?

ढणढण
दोन्ही सारख्याच जाडीच्या, सुराला फरक नाही. फ्रेटबोर्डच्या कडेची राहिली तर ओढताना घसरून बाहेर जाते, म्हणून ईची कडेची काढा. बीची कुठलीही. काढलेल्या जपून ठेवा, उपयोगी पडतात.