आशियाई महिला फुटबॉल चषक : १९८० चे उपविजेते, २०२२ चे यजमान आणि २०२५ मध्ये ‘प्रथमच पात्र’, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा?

क्रीडाशिक्षिका_सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. २९ ऑगस्टच्या राष्ट्रीय क्रीडा दिनासाठी आमच्या विद्यार्थिनी भारतीय महिला फुटबॉल संघावर एक भित्तिपत्रक तयार करीत आहेत. आमच्याकडे खो-खोच्या संघासाठी मुली शोधाव्या लागत नाहीत, पण फुटबॉलसाठी अकरा जणी मैदानावर उभ्या करताना माझी दमछाक होते. त्यामुळे या भित्तिपत्रकाकडे मी केवळ सजावट म्हणून पाहत नाही.

मुलींनी जमवलेल्या माहितीत तीन नोंदी आहेत. भारत १९८० मध्ये आशियात उपविजेता होता. २०२२ ची आशियाई स्पर्धा भारतातच, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली. आणि जुलै २०२५ मध्ये थायलंडला हरवून भारत या स्पर्धेसाठी ‘प्रथमच पात्र’ ठरला. नववीतील एका विद्यार्थिनीने विचारले की, जो संघ पंचेचाळीस वर्षांपूर्वी अंतिम सामना खेळला तो आता प्रथमच पात्र कसा ठरतो, आणि २०२२ ची स्पर्धा आपल्याच राज्यात होऊनही गुणतक्त्यात भारताचे नाव का सापडत नाही? मला तिला अर्धवट उत्तर द्यायचे नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

बाळीवेस

बाई, तिन्ही नोंदी खऱ्या आहेत. घोटाळा असा आहे की, आज एकाच नावाखाली मांडल्या जाणाऱ्या या स्पर्धेचे स्वरूप मधल्या काळात जवळजवळ पूर्णपणे बदलले.

ही स्पर्धा १९७५ मध्ये हाँगकाँगला सुरू झाली, तेव्हा ती आशियाई फुटबॉल महासंघाची स्पर्धा नव्हतीच. महिलांच्या फुटबॉलसाठी आशियात एक स्वतंत्र संघटना होती, ती आपल्या बळावर स्पर्धा भरवत असे, आणि जे संघ येऊ शकत ते येत. पहिले विजेतेपद न्यूझीलंडने मिळवले, यावरूनच प्रवेशाचे नियम किती सैल होते याची कल्पना यावी. १९८० च्या जानेवारीत ही स्पर्धा केरळातील कालिकतला झाली (काही नोंदींत तिला १९७९ ची स्पर्धा म्हटले जाते, तेव्हा मुलींना दोन वर्षे दिसली तर गोंधळू नये). त्या स्पर्धेत भारताने एक नव्हे, दोन संघ उतरवले होते. हाँगकाँग, फिलिपिन्स आणि तैवान यांच्या जोडीला ऑस्ट्रेलियाकडून फक्त वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या एका राज्याचा संघ आला होता. अंतिम सामन्यात तैवानने भारताला २-० असे हरवले. पुढे १९८३ मध्ये बँकॉकला भारत पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला आणि यजमान थायलंडकडून पराभूत झाला.

१९८६ मध्ये ही स्वतंत्र संघटना आशियाई महासंघात विलीन झाली आणि त्याच वर्षी चीन प्रथमच मैदानात उतरला. उतरला तो थेट विजेता म्हणूनच, आणि १९९९ पर्यंत सलग सात वेळा त्याने हे विजेतेपद कोणालाही घेऊ दिले नाही. माझ्या मते खरा उंबरठा मात्र १९९१ चा आहे. त्या वर्षी चीनमध्ये महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि आशियाई स्पर्धा हीच विश्वचषकात जाण्याची वाट ठरली. वाट दिसताच चीन, जपान आणि दोन्ही कोरियांनी महिला संघांसाठी शिबिरे, प्रशिक्षक आणि पैसा उभा केला. आपल्याकडे मात्र खेळाडूंची जिद्द होती, व्यवस्था नव्हती. उत्तर कोरियाने २००१, २००३ आणि २००८ अशी तीन विजेतेपदे मिळवली, त्या काळात आपण पहिल्या फळीत कुठेच नव्हतो.

आता ‘प्रथमच’विषयी. भारत २००३ पर्यंत या स्पर्धेत अधूनमधून खेळत होता, पण तेव्हा पात्रता फेरी नव्हती. पुढे ती आली आणि भारताला ती एकदाही पार करता आली नाही. २०२२ मध्ये आपण यजमान म्हणून आलो. म्हणून पात्रता फेरी खेळून आणि जिंकून मुख्य स्पर्धेत जाण्याची ही पहिलीच वेळ आहे. भित्तिपत्रकावर ‘पात्रता फेरीतून प्रथमच’ असे लिहिले तर कोणी बोट ठेवणार नाही.

होटगी_रोड

२०२२ चा भाग मी सांगतो. २० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी साधली. त्यानंतर संघात कोरोनाचा शिरकाव झाला आणि २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवानविरुद्ध) उतरण्यासाठी नियमानुसार लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उपलब्ध राहिल्या नाहीत. स्पर्धेसाठी केलेल्या विशेष नियमांनुसार अशा संघाने माघार घेतली असे धरले जाणार होते आणि त्याचे आधीचे सामनेही रद्द ठरणार होते. त्यामुळे इराणविरुद्धची ती बरोबरीसुद्धा गुणतक्त्यातून गेली. इराणची ती पहिलीच आशियाई स्पर्धा होती, तेव्हा हिशेबातून गेलेला तो गुण त्यांनाही कमी महत्त्वाचा नसावा.

परिणाम दुसऱ्या गटांवरही झाला. भारताच्या गटात तीनच संघ उरल्यामुळे, उपांत्यपूर्व फेरीसाठी तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना करताना इतर गटांतील चौथ्या क्रमांकाच्या संघाविरुद्धचे निकाल बाजूला ठेवावे लागले. नियम कोरडा वाटतो, पण त्याशिवाय तुलना न्याय्य झाली नसती.

सोलापूरच्या वाचकांसाठी एक गोष्ट: त्या स्पर्धेचे दोन्ही उपांत्य सामने पुण्याला बालेवाडीत झाले, म्हणजे आपल्यापासून हुतात्मा एक्सप्रेसच्या अंतरावर. त्यांपैकी एकात चीनने जपानला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवले. पुढे नवी मुंबईतील अंतिम सामन्यात मध्यंतराला दक्षिण कोरिया २-० ने पुढे असताना चीनने इंज्युरी टाइममधील गोलवर ३-२ असा विजय खेचून आणला. आपल्या राज्यात झालेल्या या सामन्यांविषयी आपल्याकडे फारच थोडे बोलले गेले, याची मला अजून खंत वाटते.

रेल्वेलाइन्स

बाळीवेस यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, मात्र त्यातून निघणारा सूर मला पटत नाही. ‘जे येऊ शकत ते येत’ असे म्हटले की १९८० चे उपविजेतेपद जणू मोकळ्या मैदानावर सापडले असा समज होतो. चीन तेव्हा खेळत नव्हता, हा आपल्या खेळाडूंचा दोष कसा? जो संघ समोर होता त्या तैवानने १९७७, १९८० आणि १९८१ अशी ओळीने तीन विजेतेपदे मिळवली. त्या काळच्या आशियातील सर्वांत बलवान संघाशी अंतिम सामना खेळणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

शिवाय त्या काळी आपल्या देशात महिला फुटबॉलची अवस्था काय होती, तेही पाहावे. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७५ मध्ये झाली, म्हणजे कालिकतच्या अंतिम सामन्यापूर्वी जेमतेम पाच वर्षे. पुरुषांचा कारभार पाहणारा अखिल भारतीय महासंघ महिलांच्या खेळाला तेव्हा आपला मानत नव्हता. महिलांचा खेळ निराळ्या संघटनेकडे होता. अशा स्थितीत शांती मलिक यांच्या पिढीने चार वर्षांत दोनदा आशियाची अंतिम फेरी गाठली. शांती मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू ठरल्या. भित्तिपत्रकावर ही ओळ तळटीप म्हणून नव्हे, मोठ्या अक्षरांत यावी, अशी बाईंना माझी विनंती आहे.

बाळीवेस

तुमचा आक्षेप रास्त आहे. त्या खेळाडूंना कमी लेखण्याचा माझा हेतू नव्हता. तरीही माझे म्हणणे मी सोडत नाही. १९८० शी तुलना करून ‘आपण कुठून कुठे घसरलो’ असा जो सूर नेहमी लावला जातो तो चुकीचा आहे, कारण आपण जागच्या जागी राहिलो आणि बाकीचे धावू लागले. मुलींना हे कळले तर थायलंडमधील चियांग माईला मिळालेल्या २०२५ च्या विजयाचे मोल अधिक कळेल.

त्या पात्रता गटात भारताने मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० असे हरवले होते. शेवटच्या सामन्यापूर्वी भारत आणि थायलंड यांचे गुण सारखे होते, गोलफरकही सारखा होता. थायलंड हा २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक खेळलेला, क्रमवारीत आपल्यापेक्षा वरचा संघ. त्यात सामना त्यांच्याच देशात. ५ जुलैला संगीता बासफोरने पहिल्या सत्रात गोल केला, मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी साधली, आणि पुन्हा संगीतानेच दुसरा गोल करून सामना २-१ असा जिंकून दिला. १९८३ मध्ये ज्यांनी बँकॉकला अंतिम सामन्यात हरवले होते, त्यांच्याच घरी जाऊन हा विजय मिळाला.

क्रीडाशिक्षिका_सोलापूर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. रेल्वेलाइन्स यांची सूचना मुलींना लगेच पटली. शांती मलिक यांचे नाव आता सर्वांत वर येईल. एक उपप्रश्न विचारते. मुख्य स्पर्धेत किती मजल मारली तर भारत विश्वचषकात जाईल? एका विद्यार्थिनीने ‘उपांत्य फेरी’ असे लिहिले आहे, दुसरी म्हणते की उपांत्यपूर्व फेरी पुरेशी आहे.

पार्क_चौक

दोघीही थोड्याथोड्या बरोबर आहेत. मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात होणाऱ्या या स्पर्धेत बारा संघ, चारचे तीन गट आहेत. प्रत्येक गटातील पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांतील उत्तम दोन, असे आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत जातील. तेथे जिंकणारे चार संघ २०२७ च्या ब्राझीलमधील विश्वचषकासाठी थेट पात्र ठरतील. हरलेल्या चार संघांचे आपसांत दोन सामने होतील आणि त्यांतील विजेत्या दोन संघांनाही थेट प्रवेश मिळेल. उरलेल्या दोन संघांना इतर खंडांतील संघांशी खेळून आणखी एक संधी राहील. म्हणजे उपांत्यपूर्व फेरी गाठलेल्या कोणत्याही संघासाठी तेथे हरल्याच्या दिवशीच दार बंद होत नाही.

गटातून पुढे जाणे मात्र सोपे नाही. भारताच्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई आहेत. जपानने २०११ चा विश्वचषक जिंकला आहे आणि २०१४ व २०१८ ची आशियाई विजेतेपदेही त्याच्याकडे आहेत; त्या सामन्यात कमी गोल खाणे हेसुद्धा यशच म्हणावे लागेल, कारण तिसऱ्या क्रमांकाचे गणित आले की गोलफरक बोलतो. व्हिएतनाम २०२३ च्या विश्वचषकात खेळला असला तरी त्याची आणि आपली पातळी फार दूर नाही, म्हणून माझ्या दृष्टीने भारताची स्पर्धा प्रामुख्याने व्हिएतनाम आणि तैपेई यांच्याशी आहे. हे तैपेई म्हणजेच कालिकतला आपल्याला हरवणारे तैवान. राजकीय कारणांमुळे त्या संघाला सत्तरच्या दशकात आशियाई महासंघातून बाहेर पडावे लागले होते आणि त्याने कित्येक वर्षे ओशियानिया विभागातून फुटबॉल खेळले. महिलांची आशियाई संघटना स्वतंत्र होती म्हणूनच तो १९८० मध्ये कालिकतला येऊ शकला. २०२२ मध्ये जो सामना होऊ शकला नाही, तोही याच संघाशी होता.

बाईंसाठी एक व्यवहाराची गोष्ट. भारताचे सामने ४, ७ आणि १० मार्चला आहेत. पहिले दोन पर्थला, तिसरा सिडनीला. पर्थचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते आणि मार्चमध्ये सिडनीचे साडेपाच तास. म्हणजे पर्थला सायंकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुपारी साडेचारला दिसेल, तर सिडनीतील त्याच वेळेचा सामना दुपारी दीडला. मार्चमध्ये सोलापूरच्या उन्हामुळे शाळा सकाळच्या सत्रात भरत असेल, तर मुलींना तिन्ही सामने शाळेच्या सभागृहात एकत्र बसून पाहता येतील. ७ मार्चला शनिवार आहे, तेव्हा जपानविरुद्धच्या सामन्याला खो-खोच्या मुलींनाही बोलवावे.